रंगारी नाल्याची वाट

पवनीत मोतीलालभाऊंना न ओळखणारा माणूस बाहेरगावचाच असणार. वय सहासष्ट, अंगात पांढरी बंडी आणि तळव्यावर आडवा ठेवलेला नारळ. तो नारळ घेऊन ते शेतातून, परसातून, मोकळ्या जागेतून सावकाश चालू लागले की मागची माणसं बोलणं थांबवत, बिडी विझवत. मग एका जागी नारळ हळूच शेंडी वर करून उभा राही. "खणा इथं," एवढंच बोलून मोतीलालभाऊ चहा न घेता निघून जात. चहा न घेणं हाही त्या विद्येचाच भाग आहे, असं लोकांनी आपल्या मनानं ठरवून टाकलं होतं. खरं म्हणजे त्यांना पित्ताचा त्रास होता.

चाळीस वर्षांत त्यांनी दाखवलेल्या जागी पाणी लागलं नाही, असं एकदाही झालं नाही. फक्त एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. करडीहून नाहीतर पार तिकडे बपेऱ्याहून बोलावणं आलं, की मोतीलालभाऊंची कंबर धरायची. चार-चार दिवस खाटेवरून उठवत नसे. आणि पवनीच्या जुन्या परकोटाच्या आसपास कोणी बोलावलं, की तीच कंबर सुतासारखी सरळ होई. इतकी नेमकी धरणारी आणि सोडणारी कंबर साऱ्या भंडारा जिल्ह्यात दुसरी नसेल.

नारळाला काही कळत नव्हतं. जे कळत होतं ते मोतीलालभाऊंना, आणि तेही वडिलांमुळे. घराणं कोष्ट्याचं, आजोबा सूत रंगवायचे आणि परकोटाजवळून वाहणाऱ्या नाल्यात धुवायचे. त्या नाल्याचं नावच रंगारी नाला. पुढे कोणीतरी त्याच्या उगमाकडे बोडी बांधली आणि त्या लहानशा तळ्यानं वरचं पाणी अडवलं. कोरड्या पात्रात धानाच्या खाचरांच्या बांध्या पडल्या, बांध्यांवर मुरूम आला, मुरुमावर रस्ता आला, आणि नाला गावाच्या बोलण्यातूनसुद्धा गेला. मोतीलाल नऊ वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना एका उन्हाळ्यात बोडीपासून नदीपर्यंत पायी नेलं. कुठे वळण, कुठे डोह, कुठे वाळू, सगळं दाखवलं. "ध्यानात ठेव," ते म्हणाले. "नाला मेला नाही. खाली गेला."

पंचविशीत मोतीलालनं एका शेजाऱ्याला सांगून पाहिलं, की इथं खण, माझा बाप सांगून गेला आहे. शेजारी हसला आणि दुसरीकडे खणून कोरडा खड्डा पदरात पाडून घेतला. पुढच्या वेळी मोतीलालनं हातात नारळ घेतला. मग कोणी हसलं नाही. मनगट किंचित कलवायचं आणि अंगठ्यानं बुडाला हलकेच रेटा द्यायचा, की नारळ उभा राहतो. पहिल्या वेळी वाटलं, एकदाच करू. एकदाच करू म्हणून सुरू केलेल्या गोष्टी माणसाला म्हातारं होईपर्यंत सोडत नाहीत.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत यात कोणाचं काही बिघडलं नव्हतं. विहिरी झाल्या, हापशा झाल्या, लोक पाणी प्याले. मग परकोटाबाहेर एक लेआउट पडलं. लेआउटच्या मालकानं मोतीलालभाऊंना नेलं, चार माणसांसमोर नारळ उभा राहिला, आणि बाविसाव्या फुटाला बोअरमधून पाणी उसळलं. ते पाहून प्लॉट भराभर गेले. पाणी लागलं म्हणजे जागा चांगली, हे आपल्याकडे कोणी कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पाणी इतक्या वर का लागलं, हे मात्र कोणी विचारलं नाही. ज्याला ठाऊक होतं तो गप्प राहिला. आणि तिथलाच एक प्लॉट त्यांच्या थोरल्या जावयानं, भुपेंद्रनं घेतला.

भुपेंद्र धानाच्या गिरणीत फिटर. साधा, कामाचा, बोलायला कमी. प्लॉट घेतल्यावर पेढे घेऊन आला आणि पाया पडून म्हणाला, "मामाजी, तुमी पाणी दाखवलं त्याच्या बाजूचाच पाह्यला." तेव्हा बोलायला हवं होतं. मोतीलालभाऊंनी पेढा तोंडात टाकला.

आता मे महिना होता. सोमवारी त्या प्लॉटवर भूमिपूजन होतं आणि शनिवारी धाकटी रंजिता नागपूरहून आली. ती प्राचीन इतिहासात एम.ए. करत होती. पुढच्या आठवड्यात तिला वर्गासमोर आपला विषय मांडायचा होता, म्हणून संध्याकाळी तिनं सगळ्यांना समोर बसवलं आणि लॅपटॉप पाटावर ठेवला. आई कौशल्या पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत बसली. थोरली रिता आणि भुपेंद्रही आले होते. मोतीलालभाऊ खाटेवर टेकले.

"हे अथेन्स," रंजिता म्हणाली. "ग्रीस देशातलं. समुद्राच्या जवळ. अडीच हजार वर्षांआधी हे शहर कसं वसलं, थे सांगून राहिली मी. याच्यात एक नदी होती, एरिदानोस. आता दिसत नाही. दुसरी होती इलिसोस, तिच्यावरून तं आता रस्ता जाते."

"दिसत नाही तं तुले कशी दिसली?" रितानं विचारलं.

"तेच तं!" रंजिताचे डोळे चमकले. ती बोटांवर मोजत सांगू लागली. "पहिलं, विहिरी. जुन्या विहिरी कुठं जवळजवळ आहेत अन् कुठं कमी खोल आहेत, थे पाहायचं. दुसरं, गल्ल्या. काही कारण नसताना गल्ली वाकडी होते, तं ते वळण पाण्याचं असते. तिसरं, कुंभार. त्यायले माती पायजे, पाणी पायजे. अथेन्सचा कुंभारवाडा नदीच्या काठीच होता. अन् चौथं, परकोट. त्यायनं गावाभोवती भिंत बांधली, पण नदी जाते तिथं वाट सोडा लागली. त्या दारातून रस्ताही जाये अन् नदीही जाये. हे सारं एका कागदावर मांडलं का नदी आपोआप दिसते."

मोतीलालभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस वर्षं त्यांनी जे नारळाखाली झाकून ठेवलं होतं, ते ही पोट्टी पाटावर मांडून एक-दोन-तीन-चार करून सांगत होती. त्यांना अथेन्सचा राग आला. इतकी गावं जगात पडली असताना या पोरीला नेमकं हेच सापडावं?

"मंग नदी गेली कुठं?" भुपेंद्रनं विचारलं.

"त्यायनं तिले दगडी नालीत घातलं, वरून झाकलं, अन् झाकलं त्याच्यावर घरं बांधली. पण नदी जात नाही ना भाटोजी. तिथं मेट्रोसाठी खणलं तं खाली वाहूनच राहिली होती. आता स्टेशनात लोक वरून वाकून पाहतात."

"एवढ्या वर्षानंतर?"

"एवढ्या वर्षानंतर."

कौशल्यानं कोयीचा गर पिळत विचारलं, "त्या नदीत बाया काही सोडत असतीन ना? दिवे, फुलं, काही?"

"सोडत असतीन आई."

"अन् नदी झाकल्यावर? मंग कुठं सोडत?"

रंजिताला ते ठाऊक नव्हतं. तिनं वहीत प्रश्न लिहून घेतला. मग वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, मी शेवटी आपल्या पवनीचाबी नकाशा दाखवीन म्हणते. इथल्या बऱ्याच विहिरी तं तुमीच दाखवल्या. मले उद्या सांगा, कुठं कुठं आहेत."

"माही कंबर धरून राहिली," मोतीलालभाऊ म्हणाले.

रविवारी दिवस कलल्यावर ते एकटेच लेआउटवर गेले. धरलेल्या कंबरेनं माणूस दोन किलोमीटर चालतो का, हे घरात कोणी विचारलं नाही. तिथं आतापर्यंत एकच घर उभं होतं, धनीरामचं. धनीरामचं सारं आयुष्य दुसऱ्याच्या मागावर लुगडी विणण्यात गेलं आणि साठीत त्यानं स्वतःचं घर बांधलं. तो ओट्यावरच बसला होता. मोतीलालभाऊंना पाहून धावत आला, हात धरून आत घेऊन गेला, खुर्ची पुसून दिली.

समोरच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत तडा गेला होता. धनीरामनं तो सिमेंटनं भरला होता आणि सिमेंटच्या बाजूनं तो पुन्हा फुटला होता. खाटेचे चारही पाय दोन-दोन विटांवर होते.

"हे काहून?" मोतीलालभाऊंनी विचारलं.

"पावसाळ्यात फरशीतून पाणी येते जी थोडं. नवीन घर आहे, बसते अजून." धनीराम हसला. "पण पाण्याची कमी नाही ना, भाऊ! तुमची मेहरबानी. आमच्या घरचे रोज तुमचं नाव घेतात."

मोतीलालभाऊंनी त्या दिवशी पित्ताची पर्वा न करता चहा घेतला, कारण नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. शरम वाटली, नुसती शरम. तो तडा त्यांच्या अंगठ्यानं पाडला होता. उद्या तसाच तडा रिताच्या भिंतीत जाणार होता, आणि भिंत पडली तर आत त्यांची लेक असणार होती.

घरी येताच त्यांनी रंजिताला हाक मारली. "काढ तुहा नकाशा. सांगतो."

ती पवनीचा नकाशा उघडून बसली आणि ते सांगत गेले. कुंभारांच्या आळीतली विहीर. शाळेमागची हापशी. परकोटाला खिंडार आहे तिथली. पिंपळाच्या पारापाशी, जिथं कोष्टीपुऱ्यातल्या बाया श्रावणात टोपलीत रुजवलेली भुजली, म्हणजे गव्हाचे कोवळे अंकुर, नदीत शिरवायला जाता जाता दोन मिनिटं थांबतात आणि तांब्यातलं पाणी जमिनीवर सोडतात, त्याच्या शेजारची. एकेक नाव आलं की रंजिता एकेक लाल ठिपका टाकी. बारा-पंधरा ठिपके झाल्यावर तिचा हात थांबला. ठिपके गावभर पसरले नव्हते. ते बोडीकडून निघून, परकोटाला वळसा घालून, खिंडारातून आत शिरून, कुंभारांच्या आळीवरून नदीकडे गेले होते.

"बाबा! नदी!" ती ओरडली. "बाबा, ही नदी आहे!"

"नदी नाही. नाला. रंगारी नाला."

ती हसत त्यांच्याकडे वळली आणि त्यांचा चेहरा पाहून तिचं हसू विरलं. हुशार पोरगी. तिला जास्त काही सांगावं लागलं नाही.

"मंग नारळ?" तिनं हळूच विचारलं.

मोतीलालभाऊंनी तळवा पुढे केला आणि अंगठा किंचित हलवून दाखवला.

रंजितानं ठिपक्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग तिनं लॅपटॉप मिटला. "मी हा नकाशा कोणालेच दाखवत नाही," ती म्हणाली. "अथेन्सचाच दाखवीन. तेवढं पुरे आहे."

मोतीलालभाऊंना गहिवरून आलं. पोरीनं आपलं वर्षभराचं सोनं एका क्षणात बापाच्या नावावरून ओवाळून टाकलं होतं. आता त्यांनी नुसतं गप्प राहायचं, की सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. गप्प राहण्यात ते तरबेजही होते.

"उघड," ते म्हणाले. "एक विहीर राहिली. लेआउटची बोअर मांड."

तिनं मांडली. ठिपका ओळीत बसला. त्याच्या बाजूलाच तिच्या ताईचा प्लॉट होता. रंजितानं तोंडावर हात ठेवला.

सोमवारी सकाळी ऊन चढायच्या आत माणसं जमली. मिस्त्रीनं पांढऱ्या फक्कीनं पायाच्या रेघा मारून ठेवल्या होत्या आणि उरलेली फक्की घमेल्यात होती. धनीराम आला होता, ज्यांनी प्लॉट घेतले होते ते आणखी चार-सहा जण आले होते. पूजा झाली. भुपेंद्रनं नारळ पुढे केला. बाजारातला नव्हे; मोतीलालभाऊंचा, त्यांनी याच लेआउटवर उभा केलेला, तो मुद्दाम सासूकडून मागून आणला होता.

"मामाजी, तुमच्याच हातानं फोडा."

मोतीलालभाऊंनी नारळ घेतला. सवयीनं तो तळव्यावर आडवा ठेवला. सवयीनं माणसं गप्प झाली.

"सारे पाहा," ते म्हणाले. "जवळ येऊन पाहा. हा माहा अंगठा."

नारळ उभा राहिला. त्यांनी तो आडवा केला. पुन्हा उभा केला. जागा सोडून चार पावलं बाजूला गेले, तिथंही उभा केला. विटांच्या ढिगावर चढले, तिथंही केला.

"नारळ मी उभा करतो," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मीच करून राहिलो. पाणी दिसते, थे मले बापानं सांगतलं म्हणून. इथून नाला जाये. खाली वाळू आहे, वाळूत पाणी आहे, म्हणून बोअर लागली. जिथं बावीस फुटावर पाणी लागते, तिथं पावसाळ्यात थे वर येते अन् वाळूत पाया टिकत नाही. मले माहीत होतं. मी सांगतलं नाही."

त्यांनी नारळ भुपेंद्रच्या हातात परत दिला, घमेलं उचललं आणि मुठीमुठीनं फक्की सोडत चालू लागले. मिस्त्रीच्या सरळ रेघांना आडवी, वळत जाणारी एक रेघ. ती रिताच्या बैठकीतून गेली, स्वयंपाकघरातून गेली, शेजारच्या दोन प्लॉटांमधून गेली आणि धनीरामच्या ओट्याला जाऊन टेकली. मग तिथून पलटून त्यांनी नाल्याचा दुसरा काठ काढत आणला. रेघ कुठे चुकली नाही.

धनीराम आपल्या ओट्यापर्यंत आलेल्या रेघेकडे पाहत होता. "तुमी काल आले होते," तो म्हणाला. "चहा घेतला माह्या घरी. तडा पाह्यला."

"हो."

"तवाबी नाही बोलले."

"नाही बोललो, धनीराम."

धनीराम वळला आणि रामराम न करता निघून गेला. बाकीचेही पांगू लागले. कोणी पुटपुटलं, कोणी शिवी दिली, एकानं जाता जाता फक्कीच्या रेघेवर पाय घासला. चाळीस वर्षांत पवनीत मोतीलालभाऊंच्या समोरून असं कोणी गेलं नव्हतं. ते मान खाली घालून उभे राहिले. कोणी हाक मारून थांबवावं असं त्यांनाही वाटलं नाही.

कौशल्या पूजेचा तांब्या घेऊन पुढे आली. रेघेपाशी थांबली आणि तिनं तांब्यातलं पाणी दोन काठांच्या मध्ये सोडलं, भुजलीच्या दिवशी पिंपळापाशी सोडते तसंच.

"तुले माहीत होतं?" मोतीलालभाऊंनी विचारलं.

"नाल्याचं? पिंपळापाशी होता एवढं माहीत होतं. लग्न होऊन आली त्याच साली सासूनं सांगतलं. इथं नाला होता, आपल्या पाण्यातलं पहिलं पाणी त्याले. साऱ्या कोष्टीपुऱ्यातल्या बायायले माहीत आहे जी. इतक्या दूरवरून येते, थे मात्र तुमच्याजवळच राहिलं."

"अन् नारळाचं?"

"तुमची कंबर मीच चोळत होती ना," कौशल्या म्हणाली. "धरलेली कंबर हाताले समजते, न धरलेलीबी समजते."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी विचारलं का कधी?"

रंजिता वहीत परवाचा तो प्रश्न शोधत होती, नदी झाकल्यावर बाया कुठं सोडत. सापडला तेव्हा तिनं त्यापुढे काहीच लिहिलं नाही. नुसती आईच्या ओल्या पावलांकडे पाहत राहिली.

रिता रडत होती. भुपेंद्र अजून तिथंच उभा होता, नारळ घेऊन. तो गिरणीतला माणूस. यंत्र बंद पडलं की आधी गप्प उभा राहतो, मग कामाला लागतो. त्यानं सासऱ्यांकडे पाहिलं तेव्हा डोळ्यांत राग होता, आणि तो राग त्यानं लपवला नाही.

"मामाजी," तो म्हणाला, "पाणी कुठं आहे थे सांगतलं. आता घर कुठं बांधू, थे सांगा."

मोतीलालभाऊंनी मान वर केली. आयुष्यभर लोकांनी त्यांना पाणी कुठं आहे हेच विचारलं होतं. ते कुठं नाही, हे कोणीच कधी विचारलं नव्हतं. वडिलांचा हात धरून चाललेला तो उन्हाळा त्यांनी आठवला. नाल्याचा काठ, काठावरचा चढ, चढावरचा कडक मुरूम, जिथं आजोबा धुतलेलं सूत वाळत घालत. ते रिकाम्या हातांनी चालू लागले. फक्कीची दुसरी रेघ ओलांडली, प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात गेले, टाचेनं जमीन दोनदा ठोकली.

"इथं," ते म्हणाले. "पण जागा कमी आहे. घर लहान होईन."

कोणी मागे आलं की नाही, हे पाहायचं त्यांना धाडस झालं नाही. मग पावलं वाजली. भुपेंद्र आला, त्यांच्या टाचेपाशी दगड ठेवला आणि नारळ त्यांच्या रिकाम्या तळव्यावर दिला, उभा.

"फोडा," तो म्हणाला.